तीन सपाट चमचे

डिंडोली, सुरत
१४ डिसेंबर २०२५

प्रिय हेमभाऊ,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शुक्रवार, १० जानेवारी. उत्तरायणाच्या सुट्टीसाठी तू सकाळी इचलकरंजीहून घरी आलास.
२. संध्याकाळी सहाला मायने कोकोचा डबा तुझ्या हातात दिला. मी कामावर होते.
३. तू दीडशे मिली गरम पाण्यात तीन सपाट चमचे मिश्रण घातलंस, फेटलंस आणि दोन मिनिटं थांबलास.
४. कोको नेहमीपेक्षा पातळ झाला होता. नानांनी पाच-सहा घोट घेतले. त्यांना ठसका लागला, तो थांबेना, ओठ निळे पडले.
५. मी सहा चाळीसला पोहोचले. रिक्षा येईपर्यंत मी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "तीन सपाट घातले होतेस का?" तू म्हणालास, "मोजून घातले." मी म्हणाले, "मग पातळ कसा झाला?"
६. रविवार, १९ जानेवारी. नाना न्यूमोनियाने गेले.
७. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू परत गेलास. त्यानंतर घरी आलेला नाहीस.

हे सातही मुद्दे तुला माहीत आहेत. यात एक मुद्दा कमी आहे, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. तो समजायला थोडं मागे जावं लागेल. माझ्यासाठी नको, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

माय बरी आहे. गुडघे तसेच आहेत. गच्चीवर जाणं तिने बंद केलंय, त्यामुळे पापड यंदा मी वाळवले आणि ते सगळे वाकडे झाले. तू तिला दर रविवारी फोन करतोस तेव्हा मी बहुतेक स्वयंपाकघरात असते. ती मुद्दाम मोठ्याने बोलते. "गायत्री आठेच शे, देऊ का?" असं विचारते, तुझं उत्तर ऐकते, आणि मग म्हणते, "बरं बरं, जाय कामवर." फोन ठेवल्यावर ती मला तुझं सगळं सांगते, जणू तू ते माझ्यासाठीच सांगितलंस. मीही तसंच ऐकून घेते. दिवाळीला तू येणार नाहीस हे तिने मला तीन वेळा, तीन वेगळी कारणं देऊन सांगितलं. मी एकदाही विचारलं नाही की खरं कारण कोणतं.

मागच्या वर्षी सप्टेंबरात नानांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू आठ दिवस राहून गेलास. त्यांचं चालणं-बोलणं तू पाहिलं आहेस. गिळणं पाहिलं नाहीस, कारण तेव्हा त्यांना नळीनेच भरवत होते. नळी निघाल्यावर दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंनी मायला आणि मला समोर बसवून सांगितलं की मऊ भात कालवून चालेल, पण पाणी, चहा, दूध यांतलं काहीही पातळ द्यायचं नाही. पातळ घोट घशात फार लवकर पोहोचतो. तेवढ्या वेळात नानांच्या घशाला श्वासनलिका झाकता येत नाही, आणि घोट फुप्फुसात उतरतो. म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून पाजायचं. किती घट्ट, याचीही त्यांनी रीत दाखवली: दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज खालच्या तोंडावर बोट धरून भरायची, बोट काढायचं, दहा सेकंद मोजायचे. आठ मिलीच्या वर उरलं तर चालेल, कमी उरलं तर नाही. माय म्हणाली, "हे तुझंच काम." खरोखर माझंच होतं. मी दिवसभर प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये हेच करते, फक्त तिथे छपाईची पेस्ट असते आणि ती कापडावर जाते.

पहिल्या दिवशी मी चहा घट्ट करून दिला. एकतीस वर्षं उधन्यात लूमवर काढलेल्या माणसाला तो कसा दिसला असेल ते तुला सांगायला नको. त्यांनी चमचा ओठांना लावला, माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने म्हणाले, "हाई खय शे. माले सूत समजी राहिनी का?" विणण्याआधी सुताला पाजतात ती खळ. माय पदर तोंडाला लावून हसली. झटक्यानंतर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती. पण पुढचे तीन दिवस त्यांनी जवळजवळ काहीच प्यायलं नाही. चौथ्या दिवशी त्यांची जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटायला लागली, आणि थेरपिस्ट बाई फोनवर म्हणाल्या की असंच चाललं तर पुन्हा नळी घालावी लागेल.

त्या आठवड्यात मला उधन्याचा कोको आठवला. उन्हाळ्यात सुट्टीच्या संध्याकाळी नाना आपल्याला न्यायचे तो. तिकडे इचलकरंजीत कुणाला सांगून पाहा की आमच्या सुरतेत कोको थंड असतो आणि चमच्याने खावा इतका घट्ट, पटणार नाही. ते तीन ग्लास घ्यायचे. एक त्यांचा, एक मायचा, तिसरा आपल्या दोघांत. मी ग्लासवर बोट ठेवून निम्म्याची खूण करायचे. तू आधी प्यायचास आणि दर वेळी माझ्या बोटाच्या बऱ्याच वर थांबायचास. मला तेव्हा वाटायचं की तुला निम्मं कळत नाही.

कोको घट्टच असतो, त्यामुळे नानांना तो खळ वाटला नसता. एवढाच विचार होता. थंड मात्र माय देऊ देईना. "थंडीमा थंडं देशी का त्यासले?" म्हणून मग गरम. शेजारच्या गुजराती काकींना कळल्यावर त्या दारातूनच म्हणाल्या, "गरम कोको? ए ते वळी केवो?" म्हणजे तो आणखी कसला, आणि चाखायला आत आल्या. मी रोज ताजा करत बसू शकत नव्हते, माझी पाळी कधी सातला संपते. म्हणून कोरडं मिश्रण करून ठेवायचं ठरवलं, म्हणजे कुणीही गरम पाणी घालून करू शकेल. चारशे ग्रॅम दूध पावडर, एकशेवीस कोको, अडीचशे साखर मिक्सरमध्ये दळून, पंचेचाळीस गम, म्हणजे घट्टपणा आणणारी पूड, आणि दोन मीठ. लॅबमध्ये संदीपने तो कागद पाहिला. त्याला वाटलं नवीन रंगाची रेसिपी आहे. "मॅडम, कुठल्या पार्टीचा माल?" मी म्हणाले, घरचा. "रिपीट ऑर्डर येणार का?" मी म्हणाले, रोज. तो म्हणाला, स्टोअरमध्ये गम पोत्यांनी पडलाय, वाटीभर घेऊन जा. मी घेतला नाही. कापडाचा गम आणि खायचा गम दिसायला सारखेच असतात, म्हणून तर भीती. मी खाण्याचा गम वेगळा मागवला, पुड्यावरचं सगळं दोनदा वाचलं. प्रत्येक डबा भरला की सिरिंज लावायची. पहिल्या डब्याला साडेआठ मिली उरलं.

माझा बेत दोन डब्यांचा होता, एक नानांचा गम घातलेला आणि एक आमचा साधा. माय नाही म्हणाली. "वायलं नको काही. माणूस आजारी पडला म्हणून त्याचं वायलं काढायचं, तर तो घरात पाहुणाच होईल ना." तिच्या माहेरीही असंच होतं म्हणे, आजोबांना दात नव्हते तर सगळं घर मऊ भाकरी खायचं. म्हणून मग एकच डबा, आणि संध्याकाळी सहाला तिघंही तोच घट्ट कोको चमच्याने खायचो. मायने त्यात मला न सांगता जायफळ किसलं होतं. तिसऱ्या डब्यापासून मी ते कागदावर लिहून घेतलं: जायफळ, वजन माहीत नाही.

नाना सहा वाजायच्या आधीपासून वाट पाहायचे. "भोंगा वाजना का?" असं विचारायचे. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले, आपण लहानपणापासून त्यांच्याशी ओरडून बोललो आणि ते आपल्याशी. आता त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ऐकायला आम्हालाच खाली वाकावं लागायचं. दीडशे मिली प्यायला त्यांना वीस ते पंचवीस मिनिटं लागायची. मी ते लिहून ठेवायचे. डिसेंबरात ते अठरावर आले. वजन सातशे ग्रॅमने वाढलं. मिशीला कोको लागला तर ते पुसू द्यायचे नाहीत. आणि रोज, कप अर्धा झाला की म्हणायचे, "हेमले बी पाज." तू येणार हे कळल्यापासून तर ते दिवस मोजत होते. हे मायने तुला सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण त्या शुक्रवारी तूच कोको करावास हा हट्ट त्यांचा होता. माय करायला उठली होती. त्यांनी तिला हाताने खाली बसवलं.

आता मुद्दा पाचबद्दल. लॅबमध्ये माल बिघडून आला की ऑपरेटरला पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेसिपीप्रमाणे घातलं होतंस का? तो विचारताना आम्ही त्याच्याकडे बघतही नाही, हातात कागद असतो. मी तुला तसंच विचारलं. माझी नजर नानांच्या नखांवर होती. दारात समोरच्या प्रमिलाबाई होत्या, गुजराती काकी होत्या, मागच्या गल्लीतले दोन-तीन जण होते. त्या सगळ्यांनी माझा प्रश्न ऐकला, आणि मी रंगकामात शिकलेली, म्हणून त्यांना वाटलं की मला उत्तर माहीत असल्याशिवाय मी विचारणार नाही. तेराव्याला बायका बसल्या होत्या तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, "एक घोट, नि माणूस गया. पोऱ्याले कोणी सांगेल नव्हतं का?" त्या कुजबुजतात तेही गल्लीभर जातं. तू अंगणात सतरंज्या झटकत होतास. तू थांबलास, मग पुन्हा झटकायला लागलास. मी चहाचा ट्रे घेऊन मध्ये उभी होते आणि मी तो पुढच्या बाईसमोर धरला. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माहीत झालं. १ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी साधारण अकरा. तुझी गाडी चारची होती, तू वर बॅग भरत होतास. मायला तो डबा डोळ्यांसमोर नको होता, म्हणून मी तो धुवायला घेतला. वरचं मिश्रण कागदात ओतलं, तळाशी दोन बोटं थर राहिला होता, त्यात नळाचं पाणी सोडलं. तो थर विरघळला नाही. फुगला. बघता बघता डब्यात घट्ट, पारदर्शक, तपकिरी चीक तयार झाला, डबा उलटा केला तरी पडेना. त्यात कोको नावालाच होता. तो जवळजवळ सगळा गम होता.

मुद्दा क्रमांक शून्य. रविवार, ५ जानेवारी. तू येणार म्हणून मी दुप्पट मिश्रण केलं. साखर अर्धा किलो दळायची होती. मिक्सरच्या भांड्यात मायने सकाळी लाल मिरची वाटली होती. ते घासायचं, वास जाईपर्यंत पुन्हा घासायचं, वाळवायचं, आणि एवढी साखर तीन वेळा करून दळायची, म्हणजे अर्धा तास. मला एका तक्रारीचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. मी साखर न दळता तशीच घातली. पाण्यात विरघळणारच आहे, असा विचार केला. नीट ढवळलं, सिरिंज लावली, आठ पूर्णांक सहा मिली उरलं. कागदावर बरोबरची खूण केली.

ताजं होतं तोवर ते बरोबरच होतं. पण साखरेचे दाणे मोठे आणि गमची पूड बारीक. डबा हलला की बारीक पूड दाण्यांच्या फटींतून खाली उतरते. कोको तुपकट असल्याने दाण्यांना धरून राहतो, म्हणून रंग फारसा बदलत नाही आणि वरून काही कळत नाही. माय प्रत्येक डबा उघडण्याआधी ओट्यावर तीनदा आपटते, पीठ उडू नये म्हणून. आयुष्यभर आपटत आली आहे आणि त्यात तिची काही चूक नाही. दळलेल्या साखरेचा डबा तिने दिवसभर आपटला असता तरी काही झालं नसतं. हे सगळं मला शिकवलेलं आहे. नवीन मुलं लॅबमध्ये येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, की कोरडं मिश्रण सारख्या बारीकीचं हवं, आणि नमुना वरून, मधून आणि खालून घ्यायचा, तोही दोन दिवसांनी पुन्हा. बुधवारी माय म्हणाली होती, "आज गुळगुळीत लागस, बरा लागस." गुरुवारी नाना दोनदा खोकले होते. मी थंडीमुळे असेल म्हणाले.

म्हणजे तू घातलेले तीन चमचे सपाट होते आणि मोजलेले होते. तू दोन मिनिटं थांबलास. मायने मला नंतर सांगितलं की तू तिला म्हणाला होतास, "पातळ वाटतो गं," आणि ती म्हणाली होती, "थांब, आवळेल." तू थांबलासही. कागदावर जे लिहिलं होतं ते सगळं तू केलंस. डब्यात ते नव्हतं.

मी तो चीक संडासात टाकला. तीन बादल्या पाणी लागलं. मायने विचारलं एवढा वेळ काय करतेस, मी म्हणाले डब्याला तेलकटपणा होता. मग हात पुसून तुझ्यासाठी दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत बांधली, आणि चारच्या गाडीसाठी तू निघालास तेव्हा दारात येऊन म्हणाले, "पोचलास की कळव." तू मान हलवलीस. पाच तास माझ्याकडे होते, भाऊ. तू एक जिना वर होतास.

मला खात्री करून घ्यायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतरच्या शनिवारी मी लॅबमध्ये तेच मिश्रण तशाच साखरेने पुन्हा केलं, रोजची हाताळणी धरून डबा साठ वेळा आपटला आणि तीन ठिकाणचे नमुने घेतले. वरच्या नमुन्याला सिरिंजमध्ये दोन मिली उरलं. मधल्याला सहा. तळाचा थेंबही खाली आला नाही. तो कागद या पत्रासोबत ठेवला आहे. त्यावर तारीख आणि माझी सही आहे. तू मला आकडे विचारणार नाहीस हे माहीत आहे, पण उद्या कुणी तुला विचारलं तर तुझ्या हातात काहीतरी असावं.

त्या दोन मिलीच्या आकड्यानंतर खात्रीचा प्रश्न राहिला नव्हता. तरी मी दहा महिने गप्प बसले. याची कारणं मी मनात पुष्कळ वेळा मांडली आहेत. डॉक्टर म्हणाले होते की न्यूमोनिया त्याच कपाने झाला असं ठामपणे सांगता येत नाही. अशा पेशंटमध्ये थोडं थोडं आधीपासूनच उतरत असू शकतं. हे खरं आहे आणि तुलाही त्यांनी हे सांगितलं होतं. मग मी म्हणायचे, जे ठाम नाही ते सांगून मायला पुन्हा कशाला रडवायचं. पण डॉक्टरांना जे ठाऊक नव्हतं ते कपाच्या आधीचं. कप पातळ का झाला हे तर ठामच होतं. खरं कारण लिहायला मला इथपर्यंत यावं लागलं. लोक तुझ्याकडे बघत होते तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माय नातेवाइकांना सांगायची, "गायत्रीने किती केलं बापाचं, वजनकाटा लावून केलं." आणि मी ते ऐकून घेत होते. मला ते ऐकायला हवं होतं.

एक गोष्ट आणखी. नाना गेल्यापासून घरात सहा वाजता काही होत नाही. माय त्या वेळी देवाजवळ बसते आणि मी शक्यतो उशिरा येते. डिसेंबर लागला तशी ती मला म्हणाली, "यंदा तो कोको नाही केला तू." मी म्हणाले, वेळ नाही. ती म्हणाली, "साधाच कर, आता घट्ट कशाले." मी अजून केलेला नाही. करता येईल असं वाटतही नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी प्रश्न विचारते, आणि माझ्या एका प्रश्नाने काय झालं ते आपण पाहिलं. पण आजच का, ते सांगते. गेल्या मंगळवारी गौरीवहिनीचा फोन आला होता. तुझ्या नकळत केला होता, तिच्यावर रागावू नकोस. मृणाल सात महिन्यांची झाली, उष्टावण झालं, बसवलं की बसते, असं सांगत होती, आणि मग सांगता सांगता थांबली. म्हणाली की तू बाळाला अंघोळ घालतोस, घेऊन फिरतोस, तुझ्या खांद्यावरच ती झोपते, पण वाटी-चमचा आणला की तू उठून गॅलरीत जातोस. एकदा ती देवळात गेली असताना बाळ भुकेने रडलं, तर तू शेजारच्या आजींना भरवायला बोलावून आणलंस. आणि वरणाच्या पाण्याने तिला एकदा साधा ठसका लागला, तेव्हा तू तिला उचलून अनवाणी दवाखान्यात पळालास, डॉक्टर हसले, आणि घरी आल्यावर तू दोन दिवस जेवला नाहीस. तिने मला विचारलं, "ताई, यांना असं कशाचं भय आहे? मला काही बोलत नाहीत." तिला तू काहीच सांगितलेलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं. मी तिला म्हणाले, बघते. माझ्याकडे उत्तर होतं आणि मी म्हणाले, बघते. म्हणून हे पत्र. मृणालला तू भरव. तुझ्या हाताने काही झालं नव्हतं. हे पत्र पेटीत टाकून मी घरी जाणार आहे आणि आज संध्याकाळी मायला सगळं सांगणार आहे, नंतर प्रमिलाबाईंना, त्यांच्याच दारात उभं राहून. तुझी माफी मी कागदावर मागत नाही, ती समोर मागायची आहे. तिथीने नानांचं वर्षश्राद्ध ८ जानेवारीला, गुरुवारी येतं. भटजींना सांगितलं आहे, पण विधीला कोण बसणार ते मी अजून सांगितलेलं नाही. तू, वहिनी आणि मृणाल येणार आहात की नाही, ते मला रविवार, २८ डिसेंबरपर्यंत कळव.

तुझी धाकटी,
गायत्री